पोषण आहार आठवीवरच का थांबतो?

महोदय,

माझ्या नववीच्या वर्गातल्या बऱ्याच मुली आसपासच्या वाड्यांवरून एसटीने येतात. गाडी सकाळी लवकरची, त्यामुळे पोटात चहा-बिस्किट. डबा उघडतो तो थेट मधल्या सुट्टीत. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. मुलींची पाळी नुकती सुरू झालेली, मुलगे तेरा ते पंधराच्या वयात झपाट्याने उंच होत असतात, आणि नेमकं तेव्हाच शाळेतलं ताट बंद! हे मला अजिबात पटत नाही.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्यावर आठवड्याला एक निळी गोळी दिली जाते, ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड. गोळी चांगलीच आहे. पण उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मग पुढच्या वेळी ती दप्तरात लपते. शौचाला काळी होते म्हणून घरचेही घाबरतात; त्यात अपाय काही नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आम्ही ती आता जेवणानंतरच देतो, वर लिंबाची फोड. चहा त्यानंतर निदान तासभर नाही, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही.

शासनाने नववी-दहावीलाही पोषण आहार द्यावा. तोवर ग्रामपंचायतींनी आपल्या गावच्या शाळेत सकाळी हरभऱ्याची उसळ किंवा शेंगदाणा-गूळ द्यायला पुढे यावं, ही कळकळीची विनंती.

– एक माध्यमिक शिक्षिका, जि. सातारा