टीबी म्हणून उपचार, जंतू मात्र नोकार्डिया

मा. संपादक,
स. न.

क्षयरोग निर्मूलनाच्या बातम्यांत एका गोंधळाबद्दल सहसा काही नसतं. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला, किंवा ल्यूपस-पेम्फिगससारख्या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या आजारांसाठी महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणारा रुग्ण. ताप, खोकला, वजन उतरलेलं, एक्स-रेमध्ये गाठ किंवा पोकळी. बेडक्यात ‘एएफबी’ (आम्लाने धुतल्यावरही लाल रंग धरून ठेवणारे जंतू) दिसले की टीबीच्या गोळ्या सुरू. सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह असेल तर तिथेच थबकायला हवं.

मातीत राहणारा नोकार्डिया हा जंतूही तोच लाल रंग घेतो, पण कच्चा. टीबीसाठीच्या झील-नील्सन या रंग देण्याच्या पद्धतीत जादा रंग धुवायला २०-२५ टक्के सल्फ्युरिक आम्ल वापरतात. त्यात तो कधी रंग सोडतो, कधी अर्धवट धरतो. १ टक्का आम्लात टिकतो. टीबीचे जंतू आखूड काड्यांसारखे. नोकार्डियाचे मात्र फाटे फुटलेले, मण्यांच्या माळेसारखे तुटक तंतू. ग्रॅम स्टेन या साध्या रंग-तपासणीतही ओळखू येतात, बघणाऱ्याला सवड असेल तर.

घोळ होतो तो कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून पाहण्यात. नेहमीच्या कल्चरची प्लेट ४८ तासांनी टाकून देतात. नोकार्डिया उगवायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे घेतो. टीबीच्या कल्चरसाठी बेडका सोडियम हायड्रॉक्साइडने धुतात, त्यात नोकार्डिया मरू शकतो. म्हणून डॉक्टरांनी फॉर्मवर एवढं लिहावंच: ‘रुग्ण स्टेरॉइडवर/प्रत्यारोपित, नोकार्डियाची शंका, प्लेट तीन आठवडे ठेवा.’ उगवलेली वसाहत खडूसारखी कोरडी, पांढरी दिसते. तिला ओल्या मातीचा वास येतो, पण प्लेट उघडून हुंगू नये!

टीबीच्या नेहमीच्या चार औषधांनी हा आजार बरा होत नाही. मुख्य औषध को-ट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक, तेही सहा ते बारा महिने. गंभीर आजारात सुरुवातीला अ‍ॅमिकॅसिन किंवा इमिपेनेम या प्रतिजैविकांची जोड. को-ट्रायमॉक्सॅझोलसोबत टॅक्रोलिमस (प्रत्यारोपित अवयव नाकारला जाऊ नये म्हणूनचं औषध) चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) वारंवार तपासावं, दोन्ही वाढू शकतात. डोकं दुखत नसलं तरी मेंदूचा एमआरआय करून घ्यावा. तिथला गळू बरेच दिवस गप्प बसतो. स्टेरॉइड मात्र घाबरून स्वतःहून एकदम बंद करू नये.

प्रत्यारोपणानंतर संसर्ग टाळण्यासाठी आठवड्यातून तीनदा को-ट्रायमॉक्सॅझोलची गोळी घेणाऱ्यांनाही हा संसर्ग होतो. तेव्हा गोळी चालू आहे एवढ्यावरून नोकार्डिया नाही असं धरू नये, आणि कुंड्यांची माती उकरताना हातमोजे, मास्क घालावा.

– सूक्ष्मजीवशास्त्र विषयातील एक वाचक, पुणे