सुरांखाली अक्षरे लिहू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोठ्या वयात वाद्य शिकू पाहणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाची तळमळ मनाला भिडली. पण त्यातला एक सल्ला मला घातक वाटतो. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहिण्याची पाश्चात्त्य लिपी, वाचायला शिकण्यात वेळ दवडू नका, प्रत्येक सुराखाली पेन्सिलीने त्याचे नाव लिहा आणि सरळ वाजवायला लागा, असे लेखक सांगतात. हा सल्ला मी दोन महिने तंतोतंत पाळलेला आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी ३४ वर्षे मुद्रितशोधक होतो. वयाच्या ६१व्या वर्षी कीबोर्ड शिकायला लागलो. पाच रेघा आणि त्यांच्यामधल्या चार जागा समोर आल्या, तेव्हा मीही हेच केले. प्रत्येक सुराखाली बारीक अक्षरात सी, ई, जी लिहून काढले. दोन महिन्यांत अकरा धडे वाजू लागले, घरच्यांनी कौतुक केले. बारावा धडा देताना शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. मला पहिली ओळसुद्धा वाचता आली नाही. दोन महिने मी सूर वाचत नव्हतो, स्वतःचे हस्ताक्षर वाचत होतो. पानावर दोन लिप्या शेजारी असल्या की डोळा ओळखीचीच वाचतो. दुसरी कितीही वेळा समोरून गेली तरी ती शिकली जात नाही.

त्या संध्याकाळी मी अकराही धड्यांवरची अक्षरे खोडरबराने पुसली आणि बाईंनी सांगितलेल्या वाटेने पुन्हा सुरुवात केली. त्यांनी फक्त तीन खुणेच्या जागा पाठ करायला लावल्या. ट्रेबल क्लेफ, म्हणजे उंच सुरांच्या ओळीच्या सुरुवातीची खूण, हे मुळात रोमन जी अक्षरच, लिहिता लिहिता वळणदार झालेले. त्याचे वेटोळे खालून दुसऱ्या रेघेभोवती पडते, म्हणून ती रेघ जीची. बेस क्लेफ, म्हणजे खालच्या सुरांच्या ओळीची खूण, असाच एफ अक्षरातून आलेला. त्याचे दोन ठिपके खालून चौथ्या रेघेच्या वर-खाली असतात, म्हणून ती रेघ एफची. आणि या दोहोंच्या मधोमध, स्वतःची छोटीशी आडवी रेघ घेऊन उभा असलेला मधला सी. बाकी सगळे अंतर मोजून. रेघेवरून लगतच्या जागेत गेलात तर सूर एका पायरीने सरकला. रेघेवरून पुढच्या रेघेवर गेलात तर मधला एक सोडला. नाव आठवण्याआधी बोट सरकायला हवे. आपण ‘पाऊस’ वाचताना प, काना, ऊ असे जोडत बसत नाही, शब्द एका नजरेत येतो. तसेच तीन-चार सुरांचा चढ एका नजरेत आला पाहिजे, आणि खाली अक्षरे असतील तर तो कधीच येणार नाही.

सुराखाली सा, रे, ग लिहिणाऱ्यांची फसगत आणखी मोठी होते. आपला सा कुठल्याही पट्टीत धरता येतो, तर त्या रेघांवरचा सी जागचा हलत नाही. शिवाय काही धड्यांत ओळीच्या सुरुवातीला एफच्या रेघेवर शार्पची, म्हणजे सूर अर्ध्या स्वराने चढवणारी, एकच खूण असते, पण ती त्या ओळीतल्या प्रत्येक एफला लागू होते, वरच्याही आणि खालच्याही. नुसती नावे वाचणाऱ्याला ही खूण दिसतच नाही. माझे तीन धडे याच कारणाने बेसूर वाजत होते.

आता ठिपक्यांबद्दल सांगतो, कारण माझा जन्म अनुस्वार शोधण्यात गेला. तीन ठोक्यांच्या बारांतला, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेल्या तीन-तीन ठोक्यांच्या खणांतला, एक धडा माझा काही केल्या जमत नव्हता. दर चौथा बार एका ठोक्याने तोकडा पडे आणि पुढचा सूर घाईने यायचा. मोजण्यात चुकतोय असे समजून मी पंधरा दिवस मोजणीच सुधारत राहिलो. शेवटी पान दिव्याखाली धरून पाहिले. त्या पांढऱ्या सुराच्या, म्हणजे मिनिमच्या, उजव्या अंगाला, किंचित वर, एक ठिपका होता. मी तो छपाईत उडालेला शाईचा डाग समजलो होतो. सूर रेघेवर असला तर हा ठिपका रेघेत हरवू नये म्हणून वरच्या मोकळ्या जागेत छापतात, म्हणूनच तो सुरापासून सुटल्यासारखा दिसला. सुराच्या लांबीत तो तिची निम्मी लांबी मिळवतो. मिनिमचे दोन ठोके, अधिक एक, झाले तीन. बार भरला.

हाच ठिपका सुराच्या डोक्यावर किंवा पायाशी दिला तर अर्थ उलटतो: सूर तोडून, आखूड वाजवायचा. जाड-बारीक उभ्या रेघांच्या जोडीलगत एकावर एक दोन ठिपके आले तर मागे जाऊन तो भाग पुन्हा वाजवायचा. शाई तेवढीच, जागा बदलली की अर्थ बदलला. ही लिपी इतक्या विचाराने बांधलेली आहे हे त्या दिव्याखाली कळले तेव्हा मला भरून आले होते. आणि एक कायमची सवय लागली. बारातल्या सगळ्या लांब्यांची बेरीज दर वेळी ठरलेल्या आकड्याइतकीच यायला हवी. येत नसेल तर आपण काहीतरी वाचायचे राहिले आहे. चूक कुठे आहे ते पान स्वतःच दाखवते, अशी सोय आमच्या मुद्रितांतसुद्धा नव्हती.

सगळ्यात जड गेले ते न थांबणे. चूक दिसली की थांबायचे, हाच माझा धंदा होता. कीबोर्डवरही मी चुकलो की मागे जाऊन दुरुस्त करी. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, “काका, चुकलं ते गेलं. पुढचा बार वेळेवर यायला हवा.” डोळा बोटांच्या पुढे राहायला हवा, बोटे या बारात तर नजर पुढच्या बाराच्या तोंडाशी, हे अंगवळणी पडायला वर्ष गेले. त्यासाठी बाईंनी एक नेम लावून दिला, तो अजून चालू आहे. रोज पंधरा मिनिटे, रोज नवे पान, आपल्याला जमते त्याहून सोपे, फार तर दोनदा वाजवायचे आणि सोडून द्यायचे. एकच पान महिनाभर घोटले की ते पाठ होते आणि वाचन तिथेच थांबते.

लेखकाचे दुसरे म्हणणे असे, की पडद्यावर उजळणाऱ्या पट्ट्या पाहून वाजवता येते, मग नोटेशन कशाला? ऐकून शिकणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, आपले संगीत त्याच वाटेने इथवर आले. पण रेघा आखल्या गेल्या त्या वेगळ्याच गरजेतून. अकराव्या शतकात इटलीत आरेझोचा ग्विदो नावाचा साधू गायकांना शिकवत असे. तोवरच्या बहुतेक खुणा सूर चढतो की उतरतो एवढेच सांगत. किती, ते आधी गाणे ऐकलेल्यालाच कळे. ग्विदोने सूर रेघांना बांधून टाकले, एफची रेघ तांबडी आणि सीची पिवळी केली. मायकेल नावाच्या सोबती साधूला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की दहा वर्षांत कसाबसा तयार होणारा गायक आता एका, फार तर दोन वर्षांत तयार होतो. कधीही न ऐकलेले गाणे कागदावरून गाता यावे, ही त्याची धडपड होती.

ते सुख मला मागच्या पावसाळ्यात मिळाले. सोळा बारांची एक चाल, कुणी वाजवलेली कधी कानावर न आलेली, मी पानावरून हळूहळू वाजवली आणि शेवटच्या बाराला ती सीवर येऊन टेकली. कुणी उजळलेल्या पट्टीमागे गेलो नव्हतो. जे लिहिले होते ते मी वाचले होते.

म्हणून एक विनंती. पुरवणीत शब्दकोड्याशेजारी दर रविवारी चार बार छापावेत, खाली कोणतीही अक्षरे न देता, आणि उत्तर पुढच्या रविवारी द्यावे. मुद्रिते मी विनामूल्य तपासून देईन. ठिपके दोनदा तपासीन.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक