त्या सकाळी लाइन नव्हती

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

एसटीत बसताना तू मागं वळून पाहिलं नाहीस. मी बोललोच तसा. चार माणसांत "नागपूरहून शहाणपणा शिकवायला येतोस" म्हणायला नको होतं. फोनवर हे जमत नाही, तुझी आई जवळच बसलेली असते. म्हणून लिहितो.

तू गेल्यावर वनरक्षक, वनपाल आणि लाइनमन आले. काकांच्या धुऱ्यावरच्या खुंट्या, डुकरांसाठी ताणलेली विजेची तार, लाइनीवर टाकलेला आकडा, सगळं जप्त केलं. पंच म्हणून सही माझीच घेतली! वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करणाऱ्याचं, म्हणजे तुझं, नाव गुप्त ठेवतात म्हणे. ते ठेवतील, गाव ठेवेल का? पण माझं डोकं त्यात नाही. लाइनमन म्हणाला, तार चालू होती. पंपाची वीज या आठवड्यात रात्रपाळीची आहे. तू फोटो काढलास तेव्हा तारेपासून किती लांब होतास?

काकांचंही ऐक. डुकरांनी एका रात्रीत कापणीला आलेली धानाची बांधी लोळवली. मागच्या साली भरपाईचा अर्ज दिला, सातबारा जोडला, तीन हेलपाटे घातले. आलेली रक्कम बियाण्यालाही पुरली नाही. मग माणूस आकडा टाकतो. पण तारेला डुक्कर आणि वाघ यांतलं काय कळतं? अन् वाघ मेला की भीतीनं रातोरात खड्डा खणून पुरायचा, नखं कुणीतरी पळवायची, हे आपल्या भागात झालेलंच आहे. वनपालांनी काकांना अंगणातच सांगितलं, १९७२ च्या कायद्यात जनावर मेलं नाही तरी शिकारीचा प्रयत्न म्हणजे शिकारच. वाघ अडकला असता तर ३ ते ७ वर्षं आत आणि दंड २५ हजारांच्या खाली नाही. वर वीजचोरीचं प्रकरण वेगळं. काकू कोपऱ्यात रडत होत्या.

पुढल्या वेळी आधी मला सांग. मी काकांना तार काढायला लावली असती. आणि रात्री बांधीत उतरायचंच नाही, दव पडलेलं असतं, पायात तुझ्या त्या सपाता. तार दिसली की लांबूनच मागं फिरायचं, फोटोबिटो काही नको, जागा सांगितली तरी ते लोक शोधतात.

पाहा, पुन्हा शिकवायला लागलो. आणि वर खोटंही लिहिलं. मी काढायला लावली नसती. ती तार मला दिवाळीच्या आधीपासून दिसत होती.

आता जे लिहितो ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही. २००६ चा हिवाळा. तू सहा वर्षांचा. धुऱ्यावरच्या तुरीला डुकरं लागली होती, म्हणून मीही आकडा टाकायचो. रात्री टाकायचा, पहाटे काढायचा. त्या दिवशी जागलीवरून आलो, चहा घेतला अन् तिथंच डोळा लागला. आकडा तसाच. जाग आली तर तू घरात नाहीस. बोरं वेचायला वावरात गेला, तुझी आई म्हणाली. मी चप्पल न घालता पळालो. तू तारेवर एक पाय अलीकडे, एक पलीकडे टाकून उभा होतास. तार पोटरीला टेकलेली. मूठभर बोरं दाखवत हसलास. लोडशेडिंग सुरू होतं. त्या लोडशेडिंगला सगळा गाव शिव्या घालायचा, मीही. त्या दिवसापासून माझी जीभ वळली नाही. तुला तेव्हा का मारलं, ते तू मोठा झाल्यावर एकदा विचारलं होतंस. मी बोरं आंबट होती म्हणालो.

तू फोन केलास हे कळलं तेव्हा राग आला तो यामुळंच. मला एकोणीस वर्षांत जे जमलं नाही ते तू सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी केलंस. हे तोंडावर सांगता येत नाही.

झटका मशीन कुंपणाच्या तारेतून थांबून थांबून झटका देते, जीव घेत नाही. जन-वन विकास योजनेत तिला अनुदान आहे. काकांना घेऊन अर्ज भरायला जाईन म्हणतो, पण ते अजून बोलत नाहीत. काल पानाचा डबा पुढं केला तर घेतला. एवढंच.

पोत्यात तांदूळ आणि आईनं केलेलं लोणचं आहे, बरणीचं झाकण सैल आहे, उभीच ठेव.

उलट टपाली कळव. किती लांब होतास? हातात सांग, फुटात नको.

तुझे,
बाबा