गौरीचा गुडघा आधी मोजूया

गंगापूर रोड, नाशिक
रविवार

प्रिय मंदा,

काल फोनवर तू घाईत होतीस आणि माझ्यासमोर पेशंट बसला होता. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून आज सवडीने लिहिते आहे. तू विचारलंस, गणपतीत ऑपरेशन झालं, आता सहा महिने भरत आले, दुखत नाही, नीट चालते, मग पाडव्यानंतरच्या कबड्डीच्या निवड चाचणीला गौरीला उतरवू ना? माझं उत्तर आहे, नको. निदान तिचा गुडघा नीट मोजल्याशिवाय तरी नको. आपण दोघी एकाच मैदानात कोपर-ढोपरं फोडून घेत मोठ्या झालो, त्यामुळे हुकलेला मोसम किती जिव्हारी लागतो हे मला ठाऊक आहे. तरीही नको म्हणते.

तू पाठवलेला त्या चढाईचा व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. बोनस घेऊन ती मध्यरेषेकडे वळते, कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरलेला, पाऊल मॅटला चिकटलेलं आणि वरचं अंग वळून गेलेलं. त्याच क्षणी गुडघा आत कोसळतो. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघ्याचा ताबा राखणं, हेच एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं काम. सरळ रस्त्यावर चालताना या लिगामेंटची फारशी परीक्षा होतच नाही. म्हणून "आता ती छान चालते" हे ऐकून मला आनंद होतो, पण कबड्डीसाठी त्यातून काहीच कळत नाही.

तिला मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा काढून तिथे बसवली आहे ना? बसवली त्या दिवशी ती चांगली भक्कम असते. पण मूळ जागेवरून काढल्यावर तिचा रक्तपुरवठा तुटतो, ती हळूहळू कमजोर होत जाते आणि साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात नाजूक असते. मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि ती लिगामेंटसारखी व्हायला लागते. हे काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. आपल्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधतात, ते फुटलं म्हणून कुणी लगेच त्यावर भरघोस घड सोडत नाही, तसंच हे. पंचाईत अशी की दुखणं मात्र तीन-चार महिन्यांतच ओसरतं. न दुखणारा पण अजून तयार न झालेला गुडघा मला दुखणाऱ्या गुडघ्यापेक्षा जास्त काळजीत टाकतो.

अमेरिकेतल्या डेलावेअरच्या आणि नॉर्वेतल्या ऑस्लोच्या संशोधकांनी अशा पेशंटांचा ऑपरेशननंतर दोन वर्षं पाठपुरावा केला आणि २०१६ साली निष्कर्ष मांडले. खेळायला परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं, तितका प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा गुडघा दुखावण्याचा दर ५१ टक्क्यांनी घटला. ताकदीच्या आणि उडीच्या चाचण्या पार न करता वळणाउडीच्या खेळांत परतलेल्यांपैकी ३८ टक्के जणांचा गुडघा पुन्हा दुखावला. चाचण्या पार करून परतलेल्यांत हेच प्रमाण ५.६ टक्के होतं. अभ्यास शंभरेक जणांचाच होता, हे मी लपवत नाही. पण माझ्या टेबलावर रोज जे दिसतं, त्याच्याशी तो जुळतो.

आता 'मोजायचं' म्हणजे काय, ते सांगते. घरातली मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो मांडी घालून बसता येतं का, हा. मी पहिल्यांदा बघते ते गुडघा पूर्ण सरळ होतो का. वाकणं मागाहूनही मिळवता येतं. सरळ होणं सुरुवातीला सुटलं, तर ते परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. शिवाय तोवर मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळला जात नाही आणि चाल लंगडीच राहते. मी कोनमापक लावते. त्याचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, एक दांडी खुब्याच्या उंचवट्याकडे, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. पण हे तू घरीही बघू शकतेस. तिला पलंगावर पालथी झोपव, गुडघ्याच्या वाट्या काठाच्या जरा आत, नडग्या बाहेर सैल सोडलेल्या. दोन्ही टाचा एका पातळीत आहेत का, ते बघ. ऑपरेशनच्या पायाची टाच वर राहत असेल तर फरक पट्टीने मोज. एक सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने एक अंश. आणि एक लक्षात ठेव, पुष्कळ मुलींचा गुडघा शून्य अंशाच्याही थोडा मागे जातो. गौरीचा चांगला गुडघा तसा असेल, तर तिच्यासाठी 'सरळ' म्हणजे शून्य नव्हे, तितकं मागे.

दुसरी गोष्ट सूज. वरवर बघून ती कळत नाही. वाटीच्या आतल्या बाजूला खालून वर तळव्याने दोन-तीनदा पुसायचं, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा. आतल्या खळग्यात पाण्याची लाट परतून आली तर सांध्यात पाणी आहे. सांध्यात पाणी असलं की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही, पोरगी कितीही जिद्दी असली तरी. म्हणून व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची सूज मी नेहमी विचारते. आदल्या दिवशीचं ओझं गुडघ्याला झेपलं की नाही, ते तिच्यावरून समजतं.

लिगामेंट ढिलं आहे का ते बघायला लॅकमन चाचणी आहे. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठाच्या जॉन लॅकमन यांचं नाव तिला आहे, आणि १९७६ साली ती छापून आल्यापासून जगभर याच चाचणीवर भिस्त आहे. नडगी किती सरकली ते मिलिमीटरमध्ये सांगणारं केटी-१००० नावाचं यंत्रही आहे. दोन गुडघ्यांत ३ मिलिमीटर किंवा जास्त फरक आला की लिगामेंटबद्दल शंका घ्यायची. गौरीच्या सर्जननी ही चाचणी केली असेलच आणि ग्राफ्ट, म्हणजे बसवलेली कंडरा, घट्ट असेल. पण ग्राफ्ट घट्ट असणं आणि गुडघा खेळायला तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सर्जनच्या हातात होती. दुसरी स्नायूंच्या, सरावाच्या आणि तिच्या मनाच्या हातात आहे.

खरी गोम ताकदीत असते. आम्ही डायनॅमोमीटरवर दोन्ही मांड्यांचा जोर मोजतो आणि ऑपरेशनच्या पायाचा जोर चांगल्या पायाच्या किती टक्के आहे ते काढतो. ९० टक्क्यांच्या खाली मी कुणाला स्पर्धेत जाऊ देत नाही. मग एका पायावरच्या उड्या. एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेघेच्या अलीकडे-पलीकडे तिरक्या तीन उड्या आणि सहा मीटर अंतर लंगडी घालत किती सेकंदांत. समजा चांगल्या पायावर १४० सेंटिमीटर गेली आणि दुसऱ्यावर ११८, तर झाले ८४ टक्के. कानाला बरं वाटतं, पण कमी आहे.

आणि या टक्क्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. सहा महिने खेळ बंद म्हटल्यावर चांगला पायही उतरलेला असतो, मग उतरलेल्या पायाशी केलेली तुलना गोड दिसते. शिवाय हुशार खेळाडू गुडघ्याचं काम खुबा आणि घोट्यावर ढकलून अंतर बरोबर गाठतात. म्हणून मी उडीपेक्षा उतरणं बघते. मोबाइलवर समोरून संथ गतीत चित्रण करते. पाय टेकताना गुडघा आत झुकतो का, ती थरथरते का, गुडघा न वाकवता ताठच आदळते का? गौरीची एक उडी अशी चित्रित करून मला पाठव. फक्त एकच, तीही गादीशेजारी उभी राहून, आणि तुला जरा जरी भीती वाटली तर तीही नको.

मनाचंही माप असतं गं. एसीएल-आरएसआय नावाची १२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. खेळताना गुडघा दगा देईल अशी धास्ती वाटते का, पुन्हा दुखावण्याची भीती वाटते का, अशा धर्तीचे प्रश्न. शंभरपैकी गुण मिळतात. कूस (KOOS) नावाची दुसरी ४२ प्रश्नांची आहे. वेदना, इतर लक्षणं, रोजची कामं, खेळ आणि जगण्याचा दर्जा असे तिचे पाच भाग. प्रत्येक भागाचे गुण वेगळे ठेवायचे, एकत्र बेरीज करायची नाही. ते मला फार पटतं. रोजच्या कामांत ९८ आणि खेळात ५५ अशी मुलगी बेरजेत 'बरी' दिसेल, आणि तिला नेमकं काय हवं आहे तेच झाकलं जाईल.

सगळ्यांना सगळी मापं लागतात असंही नाही. निफाडकडच्या एक बाई माझ्याकडे येतात, त्यांचंही एसीएल तुटलेलं. ऑपरेशन न करता फक्त व्यायामावर त्या यंदा द्राक्षतोडणीला उभ्या राहिल्या आहेत, गुडघा एकदाही लचकलेला नाही. त्यांना मांडवाखाली दिवसभर उभं राहायचं आहे, पाटी उचलायची आहे. कुणी घोटा धरलेला असताना वळायचं नाहीये. गौरीला तेच करायचं आहे, म्हणून तिची मोजपट्टी कडक.

आपल्या संघात डावा कोपरा सांभाळणारी ती आठवते? गुडघा मुरगळला म्हणून तेलाने चोळला, पट्टा आवळला आणि पुढच्याच सामन्यात उतरली. मग दर थोड्या दिवसांनी लचकायचा. प्रत्येक लचकीत आतल्या गादीवर, मेनिस्कसवर घाव बसत असणार, हे तेव्हा आपल्यापैकी कुणाला माहीतही नव्हतं. मागे भेटली तेव्हा कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. आपल्याच वयाची ना ती! मला फार वाईट वाटलं, मंदा. हा धंदा मी का निवडला असं कुणी विचारलं तर मी तिचंच नाव घेईन.

तेव्हा असं कर. रंगपंचमीला तुम्ही नाशिकला येणारच आहात, तर दोन दिवस जास्त काढा. गौरीने तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारायचा हट्ट धरला तर सरळ नाही म्हण. ओला काठ, गर्दी आणि उंचावरून उडी, यातलं एकही तिच्या गुडघ्याला सध्या नको. काठावर उभी राहून रंग खेळू दे. पांडवलेणीला मी स्वतः तिला घेऊन जाईन. चढणं सोपं असतं. पायऱ्या उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत अंगाचं वजन तोलतो, तिथे ती कुठला पाय आधी टाकते ते मला बघायचं आहे.

निवड चाचणीचं म्हणशील तर तिच्या कोचशी मी बोलते. त्यांना आकडे दाखवले की समजेल, चांगले कोच आकड्यांना मान देतात. सगळं जुळून आलं तर नववा महिना ज्येष्ठात भरतो. त्याआधी ती संघाबरोबर मॅटवर जाऊ शकते. आधी एकटीने वळण्याचा सराव, मग पकड न करता नुसती चढाई, मग ओळखीच्या मुलींबरोबर हलकी पकड. कबड्डी बंद आहे असं तिला वाटू देऊ नकोस. फक्त सामना बंद आहे.

येताना ऑपरेशनचे कागद आण, त्यात मेनिस्कस शिवल्याची नोंद आहे का ते बघायचं आहे. शिवला असेल तर वजन घेऊन खोल बसण्याचे व्यायाम मी वेगळे लावीन. तिचे मॅटवरचे बूट आणि हाफ पँटही आण. आणि रात्रीच्या गाडीने या पण मापं त्याच दिवशी घ्यायला सांगू नकोस. कऱ्हाडहून इतका वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यावर गुडघा जड होतो, आकडे चुकीचे येतात. एक दिवस आराम, दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात.

तुझी,
शैला