भुलीच्या इंजेक्शनाला वेळ लागतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या एखाद्या कॉलनीत बिबट्या शिरला, किंवा देशात कुठे प्राणिसंग्रहालयात माणूस वाघाच्या खंदकात पडला, की चर्चा ठरलेल्या प्रश्नावर येते: ‘गोळी कशाला? बेशुद्ध का नाही केलं?’ प्रश्न कळवळ्यातून येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामागे मोठा गैरसमज आहे. भुलीचे इंजेक्शन हा गोळीचा सौम्य पर्याय नव्हे. माणूस जनावराच्या टप्प्याबाहेर असेल तेव्हा डार्ट, म्हणजे बंदुकीने लांबून मारायचे भुलीचे इंजेक्शन, वापरायचा. माणूस पंजाखाली असताना डार्ट मारला तर त्या माणसाचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो.

का वाढतो, ते समजण्यासाठी आधी डार्ट काय असतो ते पाहावे लागेल. ही उडणारी सिरिंज. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबून भरलेली हवा. सुईचे टोक बंद असते, छिद्र बाजूला असते आणि त्यावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत घुसली की नळी मागे सरकते, छिद्र मोकळे होते आणि मागची हवा औषध आत ढकलते. नळी अर्धवट सरकली तर निम्मे औषध केसांवर सांडते. सुई हाडावर बसली तर डार्ट उसळून बाहेर पडतो. बंदुकीतला दाब अंतराच्या मानाने जास्त ठेवला तर हाड मोडते किंवा डार्ट पोटात घुसतो. कमी ठेवला तर डार्ट वाटेतच खाली झुकतो. म्हणून मारणारा मांडीचा किंवा खांद्याचा जाड स्नायू शोधत असतो, आणि त्यासाठी जनावर आडवे, स्थिर आणि वीस-पंचवीस मीटरच्या आत मिळावे लागते. कंपाउंडच्या भिंतीवरून उड्या मारणारा बिबट्या अशी संधी सहसा देत नाही.

आता औषध. बिबट्यासाठी आपल्याकडे बहुतेक वेळा झायलाझिन आणि केटामिन ही भुलीची दोन औषधे एकत्र करून देतात. मात्रा वजनावर ठरते आणि वजन नजरेने ठरवावे लागते. मादी ३०-३५ किलोची असेल, दांडगा नर ६०-७० किलोचा; पाण्याच्या टाकीमागून नुसते कान दिसत असताना हा अंदाज चुकणे अगदी सोपे. सगळे नीट जमले तरी पहिली काही मिनिटे बाहेरून काहीच फरक दिसत नाही. दहा-पंधरा मिनिटांत जनावर डुलू लागते, मग बसते. ते आधीच बिथरलेले असेल तर झायलाझिन धड चढत नाही. वीस मिनिटे लागतात, कधी दुसरा डार्ट मारावा लागतो. सुई टोचते त्या क्षणी मात्र जनावर दचकते आणि जवळ जे असेल त्याच्यावर वळते. खंदकात जवळ असतो तो पडलेला माणूस.

अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात २८ मे २०१६ रोजी हेच गणित मांडले गेले. ३ वर्षांचा मुलगा कठडा ओलांडून गोरिलाच्या खंदकात पडला. हराम्बे नावाचा १७ वर्षांचा, सुमारे २०० किलोचा नर त्याला पाण्यातून ओढत होता. सुमारे दहा मिनिटांनी कर्मचाऱ्यांनी हराम्बेला गोळी घातली. जगभर संताप उसळला. लोकांनी १९८६ मधल्या जर्सी बेटावरच्या जाम्बोचे आणि १९९६ मधल्या शिकागोजवळच्या बिंटी जुआचे दाखले दिले. त्या दोन्ही गोरिलांनी पडलेल्या मुलांना इजा केली नव्हती, बिंटी जुआने तर मुलाला उचलून दरवाजापाशी आणून ठेवले होते. दाखले खरे आहेत. पण दोन जनावरे शांत राहिली म्हणून तिसरेही राहील, या भरवशावर दुसऱ्याचे मूल सोडता येत नाही. त्या दिवशीचा निर्णय बरोबर होता, असेच आमचे मत आहे.

त्या घटनेतली एक गोष्ट मात्र बातम्यांच्या तळाशी राहिली. हराम्बेबरोबर त्या आवारात दोन माद्याही होत्या. आत येण्याची खूण मिळताच त्या दोघी आतल्या खोलीत निघून गेल्या. म्हणजे बंदुकीला हात लावण्याआधीच तिघांतला धोका एकावर आला होता, आणि तो रोजच्या सवयीमुळे. तिसराही वळला असता तर गोळीचा प्रश्नच उरला नसता.

ही सवय लावायला पैसे फारसे लागत नाहीत, चिकाटी लागते. एकच घंटा किंवा शिट्टी ठरवायची, आणि तिच्यामागोमाग रात्रीच्या पिंजऱ्यात मांसाचा सगळ्यात आवडता तुकडा. इथे एक चूक नेहमी होते. घंटा फक्त संध्याकाळी वाजते, आत गेले की दार बंद होते, आणि जनावर हुशार असल्याने ‘घंटा म्हणजे दिवस संपला’ हे शिकते. मग ते रेंगाळू लागते. म्हणून भलत्या वेळी घंटा वाजवायची, तुकडा द्यायचा आणि लगेच पुन्हा बाहेर सोडायचे. गर्दीच्या रविवारी, ढोल वाजत असतानाही ते येते का, हे पाहायचे. घंटेपासून दार बंद होईपर्यंत किती सेकंद लागले, ते वहीत लिहायचे. आपल्याकडे मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपवास असतो. त्या दिवशी घंटा वाजवून काहीच दिले नाही, तर महिन्याभराची मेहनत वाया जाते. (प्राण्यांच्या उपवासाला साबुदाणा चालत नाही, हे खरेच दुर्दैव.)

दिल्लीत २३ सप्टेंबर २०१४ रोजी विजय या पांढऱ्या वाघाच्या आवारात एक तरुण पडला. वाघ बराच वेळ त्याच्यासमोर नुसता उभा होता. वरून लोकांनी आरडाओरडा केला, दगड फेकले. शेवटी वाघाने त्या तरुणाला मानेत धरून ओढत नेले. चिथावलेले जनावर आपल्या ताब्यातली वस्तू सोडत नाही, घट्ट पकडते. अशा वेळी आवाज करायचाच, तर तो कर्मचाऱ्यांनी, एकाच बाजूने, जनावर रात्रीच्या पिंजऱ्याकडे वळेल अशा बेताने करायचा. पाण्याचा जोरदार फवारा उपयोगी पडतो. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामकही चालतो. त्याचा पांढरा लोट आणि फुत्कार मोठ्या मांजरांना सहन होत नाही. पण तो काही मीटरच पोहोचतो आणि काही सेकंदांतच संपतो. शिडी आणि गाठी मारलेला दोर प्रत्येक खंदकापाशी टांगलेला हवा. कार्यालयाच्या कुलपात ठेवलेला दोर नसल्यातच जमा.

विजयला नंतर मारले नाही. ते योग्यच झाले. माणूस जिवंत आणि जनावराच्या टप्प्यात आहे, तोवर माणूस आधी. तो स्वतःहून उतरला की पडला, शुद्धीत होता की प्यायलेला, याची चौकशी खंदकाच्या काठावर होत नाही. पण माणूस बाहेर आला किंवा गेला, आणि जनावर आपल्याच आवारात आहे, तर त्यानंतरची गोळी निव्वळ सूड. ‘चूक माणसाची, शिक्षा प्राण्याला’ हा आक्षेप या दुसऱ्या प्रसंगाला लागू आहे, पहिल्याला नाही. दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर नुसते ओरडत राहतात.

जनावर बाहेर सुटले तर गणित बदलते. सॅन फ्रान्सिस्कोत २५ डिसेंबर २००७ रोजी तातियाना ही वाघीण खंदकाची भिंत चढून बाहेर आली, एकाचा जीव गेला आणि पोलिसांना तिला गोळी घालावी लागली. ती भिंत साडेबारा फूट निघाली; शिफारस १६.४ फुटांची होती. पुण्याला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मार्च २०२४ मध्ये बिबट्या निसटला, तेव्हा उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवले गेले आणि तो आवारातच जिवंत सापडला. आत माणसे नसल्यामुळे वेळ मिळाला, आणि वेळ मिळाला की डार्ट व पिंजरा दोन्ही कामाला येतात.

निसटण्याची कारणे बहुतेक वेळा कंटाळवाणी असतात. सरकत्या दाराच्या खोबणीत माती आणि हाडांचे तुकडे साठतात, दार शेवटचे पंधरा-वीस सेंटिमीटर खाली येतच नाही, आणि बाहेरून ओढणाऱ्याला वाटते की बसले. दाराचे वजन पेलणारी तार झिजते. दुसरे दार उघडण्याआधी पहिले बंद करायचे, हा नियम उन्हाळ्यात बादल्या वाहताना मोडला जातो. आत शिरण्याआधी जनावरे डोळ्यांनी मोजायची, ‘असतील आतच’ म्हणायचे नाही. जॉर्जिया देशाच्या राजधानीत, तिबिलिसीत, जून २०१५ च्या पुरात प्राणिसंग्रहालय वाहून गेले. हिंस्र प्राणी संपले असे सांगितले गेले आणि काही दिवसांनी गोदामात दडलेल्या वाघाने एकाला मारले. गोदेचा पूर दरवर्षी दुतोंड्या मारुतीवर मोजणाऱ्या शहराला हे जास्त फोड करून सांगायला नको.

नाशिकमध्ये मोठे प्राणिसंग्रहालय नाही, पण म्हसरूळला वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र आहे, आणि निफाड, दिंडोरी, सिन्नरचा ऊस थेट शहराच्या वेशीला भिडतो. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडच्या सावरकरनगरमध्ये बिबट्या शिरला, तेव्हा नगरसेवक आणि पत्रकारही जखमी झाले. बघ्यांची गर्दी एवढी होती की जनावराला जायला वाट उरली नाही. अशा वेळी पहिले काम डार्टचे नाही, रस्ता रिकामा करण्याचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदी लावता येते. ती बिबट्या दिसल्यावर तासाभराने नव्हे, पहिल्या फोनबरोबर लागायला हवी. दिवसभर बाथरूममध्ये किंवा जिन्याखाली दबून बसलेला बिबट्या अंधार पडल्यावर बहुधा आपणच निघून जातो. त्याला सायंकाळपर्यंत मोबाइलच्या उजेडात ठेवले तर तो कुणाच्या तरी अंगावर येणारच.

विहिरीत पडलेल्या बिबट्याला तर डार्ट मारायचाच नाही. औषध चढले की तो पोहू शकत नाही आणि बुडतो. आधी दोराने बाज किंवा फळी सोडायची, तो टेकला, दम खाल्ला की पिंजरा उतरवायचा. हे गावातल्या लोकांना चांगले ठाऊक असते. घाई असते ती कॅमेरेवाल्यांना.

बेशुद्ध जनावर म्हणजे काम संपले, असेही नाही. केटामिनखाली डोळे उघडेच राहतात. मलम घालून पट्टी बांधली नाही तर बुबुळ कोरडे पडते. एप्रिल-मेमध्ये अंगाचे तापमान झपाट्याने चढते, ४० अंशांच्या पुढे गेले की पाणी ओतावे लागते. झायलाझिनवर योहिम्बिनचा उतारा आहे, केटामिनवर नाही. उतारा घाईने दिला तर मागे राहिलेल्या केटामिनने झटके येतात. अशा वेळी चार माणसे सेल्फीसाठी पिंजऱ्याला खेटून उभी असतात.

कायद्याबद्दल थोडेसे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ नुसार बिबट्या किंवा वाघ मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात, तोही लेखी व सकारण, आणि पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्यावर. आपल्या राज्यात ते नागपुरात बसतात. यवतमाळच्या अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारले, तेव्हा डार्ट कधी आणि कसा लागला यावरच पुढे महिनोन्‌महिने वाद चालला. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवरक्षणासाठी प्रामाणिक हेतूने जनावर मारणे वा जखमी करणे हा गुन्हा नाही. जनावर माणसाच्या अंगावर असताना नागपूरच्या कागदाची वाट पाहायची नसते, हे प्रत्येक बंदूकधाऱ्याला आधीच लेखी माहीत हवे. निर्णय घेणारा एक, गोळी घालणारा दुसरा. दोघांची नावे दर पाळीला फळ्यावर. पोलिसांची ५.५६ मिमीची रायफल माणसासाठी बनवलेली आहे, वाघ तिने जखमी होऊन जास्त पिसाळतो. काँक्रीटच्या खंदकात गोळी उसळते, म्हणून कुठून मारायची आणि मागे काय आहे, हे जागेवर जाऊन आधीच ठरवलेले असावे.

उद्या नाशिकला सफारी किंवा प्राणिसंग्रहालय झालेच, तर उद्‌घाटनाआधी पत्रकारांनी प्रवेशद्वाराच्या कमानीचा खर्च विचारू नये. घंटेची वही, दारांच्या तपासणीचा तक्ता आणि सरावाची तारीख मागावी.

आणि सध्या सहलींचे दिवस. राणीच्या बागेत, कात्रजला किंवा गोरेवाड्याला मुले नेणाऱ्या शिक्षकांना एवढेच सांगणे: मुलाला कठड्यावर बसवून फोटो काढू नये. प्राण्यांना डिवचणे, खायला घालणे, आरडाओरडा करणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे खाली गुन्हाही आहे. कुणी आत पडलेच तर मुलांना लगेच मागे न्यावे, एकाने सुरक्षारक्षकाकडे पळावे, वरून काहीही फेकू नये. आत गेल्या गेल्या नियंत्रण कक्षाचा नंबर मोबाइलमध्ये घ्यावा. खंदकापाशी उभे राहून तो फलकावर शोधायला वेळ नसतो.

आपले,
वन्यप्राणी बचावकार्यातील काही पशुवैद्यक व स्वयंसेवक,
नाशिक