पितळेचा सर्प

प्रिय बेटा,

प्रभूच्या नावाने सलाम.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, बढतीच्या यादीत नाव आलं नाही तेव्हापासून प्रार्थनेला बसवतच नाही. "होईल सगळं नीट" एवढंच बोलून मी फोन ठेवला. ते काही उत्तर नव्हतं. दोन दिवस मनात घोळतंय, म्हणून लिहितोय.

शब्बाथ शाळेत तू दहा आज्ञा घडाघडा म्हणायचीस. त्यातली पहिली, "माझ्याखेरीज तुला वेगळे देव नसावेत", आपण ख्रिस्ती माणसं फार सहज ओलांडून जातो. घरात मूर्ती नाही, म्हणजे ती पाळलीच, असं धरून चालतो. पण बायबलात यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात परमेश्वर परक्यांविषयी बोलत नाही. संदेष्ट्यापुढे येऊन बसलेल्या इस्राएलाच्या वडीलजनांविषयीच तो म्हणतो की, यांनी आपल्या मनात मूर्ती बसवल्या आहेत.

2 राजे या पुस्तकाचा 18वा अध्याय काढून बघ. अरण्यात माणसं सर्पदंशाने मरत होती, तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने पितळेचा सर्प करून खांबावर लावला. दंश झालेला माणूस त्याच्याकडे बघे आणि वाचे. शेकडो वर्षांनी, वयाच्या 25व्या वर्षी हिज्कीया यहूदाचा राजा झाला, तेव्हा लोक त्याच सर्पापुढे धूप जाळत होते. त्याने तो फोडून टाकला. मला यात एकच गोष्ट बेचैन करते: तो सर्प देवानेच दिलेला होता, त्याच्यामुळे जीव वाचले होते. तो देवाच्या जागी कधी जाऊन बसला, हे शास्त्र सांगत नाही. बहुधा त्या लोकांनाही कळलं नसावं.

मलाही कळलं नव्हतं. तू नववीत असताना मी तीन रविवार उपासनेला गेलो नाही, आठवतं? पाठ दुखते, असं घरात सांगितलं होतं. पाठ दुखत नव्हती. 19 वर्षं मी चर्चमध्ये पेटी वाजवली होती आणि मंडळीने ती एका तरुण मुलाकडे सोपवली होती. घरात बसून मी देवालाच विचारत होतो, इतक्या वर्षांच्या सेवेचं हेच का फळ? तिसऱ्या रविवारी खिडकीतून गाण्याचा आवाज आला. माझं सगळ्यात आवडतं गीत. आणि मी ऐकत काय होतो, तर तो मुलगा अंतऱ्यात कुठे चुकतो ते. पलीकडे देवाची स्तुती चालली होती आणि मी चुका मोजत होतो. पेटी माझ्या मनात कुठे जाऊन बसली होती, ते त्या क्षणी दिसलं आणि मी खूप रडलो. तुझ्या आईलाही हे मी बऱ्याच उशिरा सांगितलं.

तुझी नोकरी वाईट नाही. ती मिळाली तेव्हा आपण तिघांनी गुडघे टेकून उपकार मानले होते, ते खरेच होते. तू कष्ट कमी करावेस असंही माझं म्हणणं नाही. एवढंच तपासून बघ, की ती बढती गेली तेव्हा तुझ्या हातून नेमकं काय गेलं. मी पेटीसाठी खोटं बोललो, पेटीसाठी देवाशी अबोला धरला. अशा अबोल्याच्या मागे काय उभं आहे ते शोधावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा चांगलंच काहीतरी असतं. म्हणून तर ओळखू येत नाही.

राग आला असेल तर देवालाच सांग. आसाफ दावीद राजाच्या गायकांचा मुख्य होता. 73व्या स्तोत्रात तो सांगतो की, दुसऱ्यांची भरभराट बघून आपले पाय घसरायलाच आले होते. हे त्याने देवासमोरच मांडलं. मला त्याचा फार आधार वाटतो.

बुधवारी रात्री 9 वाजता फोन कर. ते स्तोत्र आपण तिघं मिळून वाचू. पहिली ओवी तू वाच, आवाज भरून आला तर पुढचं मी वाचीन. आईने शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, शनिवारी येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवतो.

तुझे,
पप्पा