फोडणी ड्राय बाल्कनीत देणाऱ्या मावशींना

मावशी,

हे पत्र तुमच्या लेकीच्या फोनवर येईल आणि ती तुम्हाला वाचून दाखवेल. मधेच थांबून ती विचारेल, "आई, हे खरंच असं झालं होतं का?" तेव्हा खरं काय ते सांगा. समोर बसून आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही "काय तर बाई तुमचं" म्हणत नळ मोठा सोडला आणि भांडी वाजवायला लागलात. म्हणून आता लिहून, आणि तेही चार लोकांसमोर. इथे तुम्हाला नळ सोडता येणार नाही.

आज आमच्याकडे घट बसले. पत्रावळीवर माती पसरून तिच्यावर पाण्याचा पहिला हबका मारला, वास आला, आणि मी एकदम २०२२ च्या नवरात्रात जाऊन पोचले.

त्या वर्षी २६ सप्टेंबरला घटस्थापना होती आणि मला दहावा आठवडा चालू होता. लोक म्हणतात, सकाळी उठल्यावर मळमळतं. मला सकाळ-दुपार-रात्र असा भेद नव्हता. कांदा परतला की ओकारी, कुकरची शिट्टी झाली की ओकारी, नवऱ्याचा साबण बदलायला लावला, फ्रीज उघडताना तोंडावर ओढणी. आणि फोडणी! तेल तापून मोहरी तडतडली, हिंग पडला की मी बाथरूमकडे पळत सुटायचे. पुण्यातल्या वन बीएचकेत स्वयंपाकघरापासून लांब जायचं म्हणजे तरी किती, बारा पावलं.

या काळात मला सल्ला देणाऱ्यांची कमी नव्हती. पपई नको, अननस नको, दूध घे, केशर घाल, खजूर खा, दोन जिवांचं खा. सासूबाई, माझी आई, नणंद, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्या प्रेमानेच बोलत होत्या आणि सगळ्यांना बाळाला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. तुम्ही साडेसातला आलात, चपला काढल्या आणि पलंगावर आडव्या पडलेल्या मला दारातूनच विचारलंत, "ताई, आज कंचा वास चालतोय?"

काय खाणार, असं नाही विचारलंत. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. कुठला वास चालतोय, हे मात्र सांगता यायचं. कोथिंबीर चालते. लिंबू चालतं. ओलं पीठ चालतं. तूप मुळीच नाही. तुम्ही मान हलवून आत जायच्या आणि त्या दिवसाचा स्वयंपाक त्या तीन-चार वासांत बसवायच्या.

पहिल्या आठवड्यात तुम्ही आमच्या ड्राय बाल्कनीची पाहणी केलीत. वॉशिंग मशीनच्या शेजारी स्टूल ठेवलंत, त्यावर कपाटातलं धूळ खात पडलेलं इंडक्शन, आतून एक्स्टेन्शनची वायर. फोडणी तिकडे द्यायची, दार ओढून. आतल्या गॅसवर फक्त वास न येणारं, म्हणजे भात, वरण, भाकरी. आमच्या घरची खोलगट फोडणीची कढई इंडक्शनवर बसेना, म्हणून तुम्ही मंडईतून सपाट बुडाची लोखंडी आणायला लावलीत. धुण्याच्या दोऱ्या डोक्याला लागत असताना, पाठ मोडेल एवढ्या जागेत उभं राहून तुम्ही दोन महिने आमटीला फोडणी दिलीत. वाळत घातलेल्या कपड्यांना हिंगाचा वास यायचा. नवरा ऑफिसात तसाच जायचा. चालवून घेतलं बिचाऱ्याने.

पोळ्या बंद झाल्या, कारण तव्यावर तेल. त्यांच्या जागी भाकरी. उकळत्या पाण्यात पीठ मळल्याचा वास आणि मग परातीत थापायचा आवाज, ठप ठप ठप, मधे हात फिरवतानाची एक थांबलेली मात्रा. मी भिंतीपलीकडे डोळे मिटून ते मोजायचे. एका भाकरीला किती थापट्या, हे मला अजून सांगता येईल. गरम भाकरीचा पापुद्रा सोडवून तुम्ही नुसता तो द्यायच्या, मीठ लावून. कित्येक दिवस माझं जेवण म्हणजे तीन पापुद्रे.

आणि आंबील. तुमच्या बार्शीकडची. मी पुण्याची, मला आंबील म्हणजे ओढ्याचं नाव! रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी आधणात सोडून गुठळी होऊ न देता ढवळायचं, मीठ, जिरं, आणि पार गार झाली की वरून पुन्हा ताक. एरवी लसूण पडतो, माझ्यासाठी तुम्ही तो वगळलात. "गरम गरम खा म्हणत्यात समदी. गरमाचा वास नाकात जातो, गार खावा की." पुढे डॉक्टरही हेच म्हणाल्या. त्यांची फी देऊन ऐकलं, तुमचं फुकट ऐकलं होतं.

आता मातीचं सांगते. हे घरात अजून कुणाला माहीत नाही.

घटाची माती रोज ओली व्हायची. गव्हाचे अंकुर वर आले होते, पिवळट, अगदी दोन बोटं. सगळ्या घरात मला तेवढा एकच कोपरा सहन व्हायचा. मी देवघरासमोर बसून राहायचे आणि सासूबाईंना वाटायचं, सुनेला भक्ती आली. पाचव्या माळेला तुम्ही केर काढत तिथे आलात, आणि मी मातीचं बोट तोंडाजवळ नेलेलं तुम्ही पाहिलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाची माती! तुम्ही केरसुणी ठेवलीत, शेजारी बसलात आणि अगदी हळू आवाजात म्हणालात, "मला बी व्हायचं. मोठ्या पोराच्या वक्ताला मी चुलीचं पोपडं काढून खाल्लं. लई रगात कमी निघालं होतं. ताई, डॉक्टरीणबाईला सांगा. लाजू नका."

मातीचे डोहाळे म्हणजे आपल्याकडे कौतुकाचा विषय. माझ्या आजीनेही त्यावर लाडाने हसून काहीतरी सांगितलं असतं. रक्तात लोह कमी असलं की माती, खडू, कच्चे तांदूळ असं खावंसं वाटू शकतं, हे मला तुमच्याकडून आधी कळलं आणि डॉक्टरांकडून नंतर. मी सांगितलं नसतं तर पुढच्या तपासणीपर्यंत तीन आठवडे तसेच गेले असते. दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. हिमोग्लोबिन ९.४. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात. पहिल्या तपासणीतही ते १०.८ म्हणजे कमीच होतं, महिनाभरात आणखी खाली आलं होतं.

लोहाची गोळी सुरू झाली. चहाबरोबर घ्यायची नाही, दुधाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, लिंबूपाणी चालेल. नवरा हे कागदावर लिहून फ्रीजवर लावणार होता, त्याआधी तुम्ही चहाचा डबाच वरच्या फळीवर नेऊन ठेवलात. साडेअकराशिवाय खाली नाही. (त्या डब्यापायी मी तुम्हाला मनात काय काय बोलले, ते लेकीसमोर लिहीत नाही.) लाल माठ, राजगिरा, चाकवत त्या लोखंडी कढईत व्हायला लागले. भाजी काळपट दिसायची, शिजली की लगेच स्टीलच्या पातेल्यात काढायच्या, नाहीतर लोखंडाची चव उतरते. जानेवारीत आकडा पुन्हा १०.८ वर आला. गोळ्यांचं श्रेय गोळ्यांना. पण त्या गोळ्या पोटात टिकायला पोटात काहीतरी असावं लागतं, आणि ते तुमचं होतं.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी आभार नाही, माफी मागायची आहे.

त्या वर्षी पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत हटला नाही. ऑक्टोबर हीट म्हणतात ती कुठे होती कुणास ठाऊक. सासूबाईंनी चकलीच्या भाजणीचे तांदूळ-डाळी धुऊन हॉलभर पंख्याखाली पसरल्या होत्या. १७ ऑक्टोबरच्या रात्री पुण्यात जो पाऊस झाला, तो सगळ्यांना आठवत असेल. १८ ला सकाळी तुम्ही आला नाहीत. फोन लागेना. मी उपाशी, चिडलेली, घरात ओल्या डाळींचा वास. मी तुमच्या लेकीच्या फोनवर आवाजी निरोप पाठवला. "यायचं नव्हतं तर आदल्या दिवशी सांगता येत नाही का" वगैरे. आवाज कसा लागला होता, ते माझं मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. घरात गुडघाभर पाणी, धान्याचा डबा उलटा, गाद्या भिजलेल्या, तुमचा फोन पाण्यात. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि चपला काढून विचारलंत, "आज कंचा वास चालतोय?" तो निरोप तुम्ही ऐकला होता की नाही, मला आजवर विचारायचं धाडस झालं नाही. आम्ही दोन दिवसांचे पैसे कापले नाहीत आणि त्यात मला आपण फार चांगले असल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. शिवाय तुमचं ठरलेलं काम दोन वेळच्या पोळ्या आणि एक भाजी होतं. आंबील, भाकरी, बाल्कनीतल्या फेऱ्या, माझ्या ओकारीच्या बादल्या हे कशात धरलं होतं? पगार वाढवायचं आम्हाला सुचलं थेट जानेवारीत. चुकलं.

फराळ तळला गेला वरच्या काकूंकडे. तळणीच्या वासाशिवाय दिवाळी कसली, म्हणून सासूबाई फुरंगटल्या होत्या. तुम्ही आणि त्या भाजणीचं पीठ, सोऱ्या, तेलाचा डबा घेऊन जिना चढलात आणि संध्याकाळी हसत उतरलात. वर काय बोलणं झालं ते दोघींनीही सांगितलं नाही. चकल्या मात्र त्या वर्षी खुसखुशीत झाल्या होत्या असं ऐकून आहे. मी एकही खाल्ली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण. पावणेपाचनंतर सुरू होऊन ग्रहण लागलेलाच सूर्य मावळणार होता. माझा ग्रहणावर विश्वास नाही, आणि चौदाव्या आठवड्यात वाद घालायची ताकदही नव्हती. सासूबाईंनी सांगितलं, सुरी धरायची नाही, विळीवर बसायचं नाही, सुई-दोरा नाही, एका जागी बसायचं. गरोदर बाईला खाण्यात सूट असते हे त्यांनाही मान्य होतं, पण त्यांच्या देखत घास उचलायला मला जड जात होतं. तुम्ही चारला आलात. पिशवीत गवार आणि उकडलेल्या ओल्या शेंगांचं पुडकं. माझ्यासमोर वर्तमानपत्र पसरलंत, गवारीचा ढीग ओतलात आणि बसकण मारलीत.

"सुरी नाय, इळी नाय. मोडायची हातानं."

सासूबाईंनी जपाच्या माळेवरून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मोडलेलं चालतं?"

"कापायचं नाय म्हणत्यात. मोडायचं नाय असं कोण म्हनतंय?"

सासूबाईंनी विचार केला. "चालत असेल," म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने त्याही खाली येऊन बसल्या. बाहेर उजेड विचित्र, तांबूस मळकट झाला होता, पडदे ओढलेले, आणि आम्ही तिघी शिरा काढत गवार मोडत होतो, कट कट कट. तुमच्या आणि माझ्या मधे शेंगांचं पुडकं. दर चार-पाच गवारींमागे तुम्ही एक शेंग सोलून दाणे माझ्या बाजूला सारायच्या, इकडे न बघता. सासूबाईंना दिसत होतं. त्याही इकडे न बघता गवार मोडत राहिल्या. त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी मी पोटभर खाल्लं आणि ते पोटात राहिलं.

एप्रिलमध्ये लेक झाली. तिला तुमची भाकरी आवडते, पापुद्रा आधी. फोडणी आता गॅसवर देते मी, खिडकी उघडून, लसूण दुप्पट.

गेल्या महिन्यात तुम्ही काम सोडून बार्शीला गेलात, लेकीला दिवस गेलेत म्हणून. परवा तिच्याशी बोलले तेव्हा तिने सांगितलं की तिला चहाचाही वास सोसत नाही. इंडक्शन माळ्यावरून काढून पुसून ठेवलंय, सपाट बुडाची कढईही तेल लावून कागदात गुंडाळलीय. येत्या रविवारी माझा भाऊ सोलापूरला गाडी घेऊन चाललाय, त्याला बार्शीवरून जायला सांगितलंय. एक्स्टेन्शनच्या वायरीला जरा जपा. स्टुलाच्या पायाखाली येऊन ती एका जागी सोलली होती, तिथे चिकटपट्टी लावलीय. ओल्या हाताने धरू नका.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ताई